रेवदंड्याच्या खाडीतून आलेले दोन पाहुणे

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा ‘परदेशी प्रवाशांच्या नजरेतून रायगड जिल्हा’ असं भारदस्त नाव दिलं होतं. एवढा मोठा पट एका संध्याकाळी उलगडायचा तर नुसती नावांची यादी होईल. चौलबद्दल टॉलेमीच्या भूगोलात उल्लेख आहे. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्‌-मसूदी नावाचा अरब तिथं येऊन गेला आणि त्यानं तिथल्या मुसलमान वस्तीचं वर्णन केलं. पुढं पोर्तुगीज आले, इटालियन आले. सगळ्यांना हजेरीसाठी उभं करण्यात मला रस नाही. मी दोघांनाच घेणार आहे. दोघंही एकाच खाडीच्या तोंडाशी उतरले. ती खाडी म्हणजे तुमच्या कुंडलिकेचं मुख. एक आला इ.स. १४७० च्या आसपास आणि दुसरा १६७४ च्या मे महिन्यात. पहिला घोडा विकायला आला, दुसरा तह करायला.

पहिल्याचं नाव अफनासी निकितीन. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. रशियनाला ‘पाश्चात्त्य’ म्हणायचं का, यावर स्वतः रशियन लोक गेली दोनशे वर्षं वाद घालताहेत, त्यात आपण पडू नये. आपल्या दृष्टीनं तो पश्चिमेकडून समुद्रावरून आला, एवढं पुरे.

हा माणूस हिंदुस्थान बघायला निघालाच नव्हता. तो निघाला होता कॅस्पियन समुद्राच्या काठी व्यापार करायला. वाटेत आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं. माल गेला, धर्मग्रंथही गेले. घरी परतावं तर अंगावर उधारी. मग दर्बंद, बाकू, इराण असं करत करत तो होर्मुझच्या बंदरात पोचला आणि तिथं त्याला कळलं की हिंदुस्थानात घोड्याला फार किंमत येते. ते खरंच होतं. दख्खनच्या सुलतानांना घोडे लागत आणि ते अरबस्तान-इराणातून जहाजानं येत. त्यानं एक घोडा घेतला आणि जहाजात चढवला. सहा आठवड्यांचा प्रवास करून तो चौलला उतरला. तेव्हा चौल बहामनी राज्यात होतं. पोर्तुगीज यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती, म्हणजे रेवदंड्याचा आज दिसतो तो कोटही नव्हता. वास्को द गामा तर तेव्हा लहान मूल असेल.

ह्या निकितीनच्या टिपणांना ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ असं नाव आहे. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना १९५७ चा ‘परदेसी’ सिनेमा आठवत असेल. ख्वाजा अहमद अब्बास आणि एका रशियन दिग्दर्शकानं मिळून काढलेला, नर्गिस होती त्यात. तो ह्याच्यावरचाच. सिनेमात प्रेमकथा आहे. टिपणांत मात्र नाही, टिपणांत घोड्याच्या चंदीचा खर्च आहे.

आता चौलला उतरल्याबरोबर त्यानं काय लिहिलं ते सांगतो, माझ्या शब्दांत. तो म्हणतो, हाच हिंदुस्थान देश. इथं सगळे लोक उघडे फिरतात. बायकांचं डोकं झाकलेलं नसतं, छाती उघडी असते, केसांची एकच वेणी घातलेली असते. सगळ्या गरोदर असतात आणि दरवर्षी मूल होतं. बायका-पुरुष सगळे काळे. मी जिथं जातो तिथं माझ्यामागं पुष्कळ लोक येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं.

झालं. हा तो प्रसिद्ध परिच्छेद.

काही वर्षांपूर्वी मी ह्या भागाचं मराठी करत होतो, तेव्हा एका स्नेह्यांनी मला आग्रहानं सुचवलं की सर, हे वाक्य गाळा. आपल्या आयाबहिणींबद्दल कुणी परका असं लिहितो आणि ते आपण आपल्याच भाषेत छापायचं? त्यांचा राग खोटा नव्हता. ते त्याच पट्ट्यातले, चौलजवळचे. त्यांच्या दृष्टीनं तो पाचशे वर्षांपूर्वीचा मजकूर नव्हता, त्यांच्या गल्लीबद्दल काल कुणीतरी काढलेले उद्गार होते. मी त्यांना तेव्हा जे उत्तर दिलं, ते आज जरा सविस्तर देतो. कारण प्रश्न निकितीनचा एकट्याचा नाही. परक्याच्या पहिल्या नजरेचं आपण काय करायचं, हा आहे. आपल्याकडं दोनच पद्धती दिसतात. त्यानं कौतुक केलं असेल तर वाक्य पाठ्यपुस्तकात, आणि बरं लिहिलं नसेल तर ‘त्याला काय कळतंय!’ दोन्हींत वाचन होतच नाही.

म्हणून आधी वाचू.

‘सगळे उघडे’ असं तो म्हणतो. पण लगेच पुढच्या ओळींत काय आहे? तिथला सरदार डोक्याला एक वस्त्र बांधतो आणि कमरेला दुसरं. मोठे लोक एक वस्त्र खांद्यावर आणि एक कमरेला घेतात. मोठ्या घरच्या बायका खांद्यावर आणि कमरेला वस्त्र घेतात. चाकरमाणसं कमरेला वस्त्र गुंडाळून हातात ढाल-तलवार, भाला, धनुष्य घेऊन चालतात, सगळे अनवाणी आणि धट्टेकट्टे. म्हणजे बघा, हे काही उघडे लोक नाहीत! हे फेटा, उपरणं, धोतर आणि लुगडं आहे. ज्यानं स्वतःच इतकं बारकाईनं कुणाचं वस्त्र कुठं ते टिपलं, तो त्यांना उघडे कसे म्हणतो?

कारण त्याच्या गावी ‘कपडा’ म्हणजे शिवलेला कपडा. त्वेरला सहा महिने बर्फ. तिथं सदरा, त्यावर अंगरखा, त्यावर लोकरीचा किंवा कातड्याचा झगा. न शिवलेलं कापड अंगाभोवती गुंडाळणं हे त्याच्या लेखी कपडे घालणंच नव्हे. त्या कापडाला नावसुद्धा त्यानं रशियन दिलेलं नाही, पूर्वेकडच्या बाजारपेठांतून ऐकलेला ‘फोता’ हा शब्द वापरला आहे. स्वतःच्या भाषेत त्या वस्तूला जागा नव्हती. डोळ्यांना कापड दिसतंय, पण मनातला ‘कपडा’ हा कप्पा रिकामाच राहतोय.

आता वेणी. ह्या वेणीवर मी बरेच दिवस अडलो होतो. गरोदर बायका, दरवर्षीची मुलं आणि उघडं डोकं यांच्यामध्ये हा गृहस्थ एका वेणीचा उल्लेख का करतो? आपल्याला ते अगदीच निरुपद्रवी वाटतं. एक वेणी, त्यात काय! पण जुन्या रशियन रिवाजात एक वेणी ही कुमारिकेची खूण. लग्न झालं की एका वेणीच्या दोन होतात आणि त्या दोन्ही डोक्याच्या वस्त्राखाली जातात. लग्न झालेल्या बाईचं डोकं चारचौघांत उघडं पडणं ही तिकडं मोठी बेअब्रू. रशियन भाषेत फजिती होण्याला आजही जे क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ केस उघडे पडणं असा आहे.

आता तो परिच्छेद पुन्हा वाचा. डोकं उघडं, केसांची एक वेणी आणि पोट पुढं आलेलं! त्वेरच्या माणसाला चौलच्या रस्त्यावर काय दिसलं असेल? लग्न न झालेल्या मुली, सगळ्या गरोदर, आणि कुणालाच त्याची लाज नाही. खुणा त्यानं अचूक टिपल्या. त्या वाचल्या मात्र स्वतःच्या गावच्या लिपीत. आपल्याकडची लग्न झाल्याची खूण गळ्यात होती, कपाळावर होती, हातात होती. तिथं त्याची नजर गेलीच नाही, कारण तिथं बघायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

स्नेह्यांनी गाळा म्हटलेलं वाक्य हेच. त्यात चौलच्या बायकांबद्दल थोडं आहे. त्वेरच्या बायकांबद्दल मात्र पुष्कळ आहे!

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळं थोडं विषयांतर करतो, सहन करा. न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाचे दोन प्रकार सांगतात. निर्विकल्पक, म्हणजे नुसतं ‘काहीतरी’ दिसणं. आणि सविकल्पक, म्हणजे ‘ही गाय’, ‘ही काळी’, ‘ही अमक्याची’ असं नाव-जात लावून दिसणं. प्रवासी जेव्हा ‘पहिलं दर्शन’ म्हणून लिहितो, तेव्हा त्याला वाटतं आपण निर्विकल्पक लिहितोय, कोरं, ताजं. प्रत्यक्षात ते पुरतं सविकल्पक असतं. उलट अनोळखी ठिकाणी माणूस जास्तच घाईनं नावं लावतो, कारण नाव लागलं नाही तर भीती वाटते.

मग त्याची साक्ष टाकून द्यायची का? इथं वात्स्यायनांची आठवण होते. कामसूत्रवाले नव्हेत, न्यायसूत्रांचे भाष्यकार. शब्दप्रमाणाची चर्चा करताना ते विचारतात, आप्त कुणाला म्हणायचं? ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढं ते बजावतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ, तिघांनाही सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे लिहितो! बोलणारा आपल्यातला आहे की परका, यानं काही ठरत नाही. त्यानं काय पाहिलं आणि सांगताना त्याचा हेतू काय, हे बघा.

ही कसोटी निकितीनला लावली तर तो कपडा, वेणी, शस्त्रं, अनवाणी पाय यांचा आप्त आहे. ‘सगळ्या’ आणि ‘दरवर्षी’ यांचा नाही. तो चौलला काही वर्षभर राहिला नव्हता की दरवर्षीचं त्याला कळावं. आणि ‘माझ्यामागं लोक येतात’ याचा तर त्याच्याइतका आप्त दुसरा कुणी असूच शकत नाही.

त्या वाक्यापाशी जरा थांबा. चौल हे काही आडबाजूचं खेडं नव्हतं. अरब, इराणी, हबशी, गुजराती, सगळे तिथं ये-जा करणारे. तरीसुद्धा ह्या माणसामागं पोरंसोरं धावली. म्हणजे चौलकरांचंही पहिलं दर्शन चाललंच होतं. ते कुणी लिहून ठेवलं नाही. पण बंदरावरच्या कोळणी घरी जाऊन काय बोलल्या असतील याची कल्पना तुम्हीच करा. लाल दाढीचा, भर उन्हात गळ्यापासून पायापर्यंत शिवलेल्या कपड्यांत गुंडाळलेला, आणि एका घोड्याला जिवापाड जपणारा! (दाढी लाल होती की नाही, हे माझं आपलं पदरचं. घोडा मात्र खरा.)

तर चौलहून तो खुष्कीच्या मार्गानं निघाला आणि आठ दिवसांनी पालीला पोचला. बरेच अभ्यासक ही पाली म्हणजे आपली सुधागडची पाली धरतात, कारण ‘तिथं हिंदुस्थानचे डोंगर आहेत’ असं तो लिहितो आणि सह्याद्री तिथं अगदी अंगावर येतो. आज चौलहून पालीला माणूस दुपारच्या जेवणाला जाऊन परत येतो. आठ दिवस म्हणजे घोड्याला त्रास होऊ नये म्हणून किती बेतानं चालला असेल बघा. तिथून तो डोंगर चढून जुन्नरला गेला.

जुन्नरला त्याला पावसाळा लागला आणि तो लिहितो की इथं चार महिने हिवाळा असतो, रात्रंदिवस पाणी आणि चिखल. पावसाळ्याला हिवाळा! हसू येतं, पण चूक म्हणवत नाही. ज्या ऋतूत वाटा बंद होतात आणि माणूस घरात अडकतो, तो त्याच्या भाषेत हिवाळा. आणि ह्याच हिवाळ्यात हे लोक नांगरतात, पेरतात, हे त्यानं लगेच नवलानं नोंदवलंय. घोड्याला खिचडी आणि हरभरे घालतात, तेही नोंदवलंय.

जुन्नरचा सुभेदार असदखान. त्यानं घोडा काढून घेतला, आणि हा मुसलमान नाही असं कळल्यावर म्हणाला, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत. शेवटी खुरासानचा एक ख्वाजा महंमद मध्ये पडला आणि घोडा परत मिळाला. त्यानंतर निकितीन आपल्या रशियन भाईबंदांना कडवट सल्ला देतो, हिंदुस्थानात यायचं तर धर्म घरी ठेवून या.

पुढं तो बीदरला गेला. बहामनींची राजधानी, महमूद गावानचा काळ. तिथं त्यानं आणखी एक नोंद केली आहे. खेड्यातली माणसं अत्यंत गरीब आणि सरदार अत्यंत श्रीमंत, चांदीच्या पालख्यांतून फिरणारे, पुढं सोन्याच्या सरंजामाचे घोडे. ही नोंद फारशी कुणी पाठ्यपुस्तकात घेत नाही. पण माझ्या मते त्याची खरी थोरवी तिसऱ्याच ठिकाणी आहे. बीदरला तो ‘ख्वाजा यूसुफ खुरासानी’ ह्या नावानं राहत होता. हिंदू शेजाऱ्यांना वाटे हा मुसलमान, म्हणून ते त्याच्यापासून अंतर राखून असत. एक दिवस त्यानं त्यांना सांगून टाकलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. आणि मग, तो लिहितो, त्यांनी माझ्यापासून जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा, काहीच लपवलं नाही, घरच्या बायकाही लपेनात. त्यांच्याबरोबर तो थेट श्रीशैलच्या यात्रेला गेला. त्यांना त्यांच्या धर्माबद्दल विचारत राहिला. हे लोक एकमेकांच्या हातचं खात नाहीत, जेवताना चमचा-सुरी नाही, उजव्या हातानं जेवतात, हे सगळं त्या नंतरचं.

चौलला त्याला रस्ता दिसला, बीदरला घर दिसलं. मधल्या काळात हिंदुस्थान बदलला नव्हता. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, एवढंच झालं होतं.

आणि व्यापाराचं म्हणाल तर साफ बुडाला. आमच्या देशाच्या कामाचा मालच इथं नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, जकात जबर, समुद्रावर चाचे, असं चिडून लिहिलंय. घोडा बीदरला विकला, पण वर्षभराच्या चंदीचा हिशेब त्याला शेवटपर्यंत छळत राहिला.

आता दुसरा पाहुणा. हा इथल्या रोहेकरांच्या जास्त जवळचा.

१६७४ साल. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ठरला आहे. मुंबईच्या इंग्रजांना महाराजांशी तह करायचा आहे, शिवाय राजापूरची वखार लुटली गेली होती त्याची भरपाई हवी आहे. म्हणून त्यांनी हेन्‍री ऑक्झिंडन नावाचा वकील पाठवला, बरोबर रॉबिन्सन आणि मिचेल असे दोन इंग्रज, आणि नारायण शेणवी हा दुभाष्या. ह्या प्रवासाची हकिगत कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ साली लंडनला छापलेल्या पुस्तकात आली आहे.

मंडळी मुंबईहून होडीनं निघाली आणि रात्री चौलला, म्हणजे आताच्या रेवदंड्याला पोचली. तोपर्यंत पोर्तुगीजांनी कोटाचे दरवाजे बंद केलेले. मग रात्र काढली बाहेर, सेंट सेबास्टियनच्या लहानशा देवळात. एका ख्रिस्ती सत्तेच्या वकिलाला दुसऱ्या ख्रिस्ती सत्तेनं दारात उभं केलं नाही, आणि पुढचा सगळा प्रवास सुरळीत झाला तो महाराजांच्या सुभेदाराच्या होडीतून. त्यानं वरचं चौल पाहिलं, जे महाराजांच्या ताब्यात होतं. पूर्वी ही मोठी पेठ होती, आता ओसरली, असं त्याचं मत. आणि मग खाडीतून वर... अष्टमी!

हो, तुमचीच अष्टमी. नदीपलीकडची. ज्या नगरपालिकेच्या नावात आजही रोहा आणि अष्टमी जोडीनं नांदतात, तीच. त्याच्या स्पेलिंगमध्ये ती ‘एस्थेमी’ झाली आहे, पण ओळखू येते. आणि तिथं त्यानं काय पाहिलं?

काही नाही. गावाचं नाव आहे आणि पुढचा रस्ता आहे. तिथून निजामपूर, मग गांगवली, मग पाचाड.

रोहेकरांनी वाईट वाटून घेऊ नये. मला उलट ह्या मौनाचं मोल वाटतं. निकितीनला कसलंच सरकारी काम नव्हतं, म्हणून त्याला वेणी दिसली. ऑक्झिंडनच्या खिशात कलमांची यादी होती. यादी घेऊन प्रवास करणाऱ्याला यादीत असलेलंच दिसतं. अष्टमी यादीत नव्हती. मेचा उकाडा, होडी बदलायची, भोई मिळवायचे, आणि डोळे लागलेले रायगडाकडे. आजही मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला कोलाडबद्दल विचारा, ‘तिथं चहा घेतला’ एवढंच सांगेल.

पाचाडला कळलं की महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले आहेत, देवीला सोन्याचं छत्र वाहायला. ह्या सोन्याच्या छत्राचं वजन मात्र इंग्रजानं बरोबर नोंदवलंय, सव्वा मण. व्यापारी कंपनीचा माणूस! गडावर बोलावणं येईपर्यंत पाचाडच्या माळावर तंबूत राहणं भाग होतं. मध्यस्थ निराजी पंडित. त्यांच्याशी कलमावर कलम घासाघीस चालली, आणि त्या घासाघिशीत महाराजांच्या बाजूचे दोन जबाब फार पाहण्यासारखे आहेत. इंग्रजांना हवं होतं की मुंबईचं नाणं स्वराज्यात चालावं असं कलम घाला. उत्तर काय, तर आम्ही कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यानं रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं वजनाला आणि कसाला चोख असेल तर लोक आपण होऊन घेतील. दुसरं, फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल परत द्यावा. उत्तर, ही कोकणची रीत नाही. हा संवाद वाचताना मला राज्याभिषेकाच्या वर्णनाइतकाच आनंद होतो. इथं आपली माणसं कुणाच्या नजरेतलं चित्र म्हणून उभी नाहीत, समोर बसून बोलताहेत.

राज्याभिषेकाचं वर्णन तुम्ही अनेकदा ऐकलं असेल, मी लांबवत नाही. ६ जून, ही त्या वेळच्या इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरची तारीख. आजच्या हिशेबानं तो १६ जून होतो. सकाळी दरबारात वकील दुरून लवून मुजरा करतो, नारायण शेणवी नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरतो, महाराजांचं लक्ष जातं, ते जवळ बोलावतात, वस्त्रं देतात आणि निरोप देतात. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची डोकी, घोड्यांची शेपटं, तराजू. आणि बाहेर पडताना दाराशी दोन लहान हत्ती पाहून तो चकित होतो, इतक्या अवघड वाटेनं हे वर चढवले कसे? माझ्या मते सबंध वर्णनातला सगळ्यात मोकळा क्षण हाच. यादी विसरून त्यानं क्षणभर नुसतं पाहिलं.

पण मला सगळ्यात आवडतो तो खाटीक. गडावर इंग्रजांच्या वाट्याला रोजची खिचडी आणि लोणी येई. त्यानं त्यांचं भागेना, म्हणून बकऱ्याच्या मटणाची व्यवस्था केली गेली. रोज अर्धा बकरा. खालून मटण पुरवणारा म्हातारा खाटीक एक दिवस परवानगी मागून गड चढून वर आला. कशासाठी? ह्या लोकांना बघायला. मी वर्षानुवर्षं जेवढं मटण विकलं नाही, तेवढं ह्या चार दिवसांत विकलं, अशी ही खाणारी माणसं असतात तरी कशी, ते एकदा पाहू दे!

चौलचे लोक निकितीनच्या मागं धावले, त्यांना निदान काही चढावं लागलं नाही. ह्या म्हाताऱ्यानं रायगड चढला. आणि इंग्रजानं हे लिहून ठेवलं हे त्याचं मोठेपण. त्याला कळलं होतं की आपणही इथं कुणाचं तरी दृश्य आहोत.

असाच प्रकार आज माझ्या पेणमध्ये रोज घडतो. परदेशी पाहुणे गणपतीचे कारखाने बघायला येतात. हमरापूर, जोहे इकडं नेतात त्यांना. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा बघून ते हरखतात, पटापट फोटो काढतात. त्यांना ते देवाचं घर वाटतं. कारखानदाराला ते काय असतं? कर्ज, माती, साचे, कामगारांचा ॲडव्हान्स, आणि पावसाआधी माल हलवायची घाई. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण पाहुणा निदान दोन तास बसला, डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला त्याचं नाव विचारलं आणि स्वतःचं सांगितलं, तर त्याच्या वहीत जरा वेगळं उतरेल.

निकितीनच्या वहीचं काय झालं तेही सांगून टाकतो. दाभोळहून तो परत निघाला, होर्मुझ, इराण, काळा समुद्र असं करत रशियाच्या सरहद्दीत शिरला आणि स्मोलेन्स्कजवळ वारला. त्वेर त्याला दिसलं नाही. वही इतर व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोचवली, ती बखरीत चिकटवली गेली आणि तिथंच पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझीन नावाच्या इतिहासकाराला ती सापडली. त्यात जिथं जिथं नाजूक गोष्ट येते, तिथं तिथं हा रशियन सोडून तुर्की-फारसी-अरबीच्या मिश्र बोलीत शिरतो. शेवटची प्रार्थनाही त्याच मिश्र बोलीतली. धर्म घरी ठेवून या म्हणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडात शेवटी कुठली भाषा राहिली होती, ह्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, जाऊन या.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, सर, निकितीन रोह्याला आला होता का?

चांगला प्रश्न आहे, आणि मला माहीत आहे तुम्हाला कुठलं उत्तर हवंय! चौलहून पालीला घोडा घेऊन जायचं तर एक तर रोह्यावरून जा, नाही तर नागोठण्यावरून. कुंडलिकेच्या काठानं यायची वाट सोपी, पाणी आहे, चारा आहे. आठ दिवसांत मुक्कामही बरेच पडले असणार. पण त्यानं चौल लिहिलं, पाली लिहिलं, मधलं एकही नाव लिहिलं नाही. तेव्हा ह्या व्यासपीठावरून ‘आला होता’ असं मी म्हणणार नाही. ऑक्झिंडन आला होता. अष्टमीला. त्याचं त्यानं लिहून ठेवलंय, एकाच शब्दात.